काल्यापासून थरांपर्यंत : दहीहंडीच्या वाढत्या उंचीचा इतिहास

गोदावरीकाठी वसलेल्या पैठण येथे, संत एकनाथांनी १५९९ मध्ये ज्या तिथीला समाधी घेतली त्या फाल्गुन वद्य षष्ठीला भरणाऱ्या यात्रेची सांगता अष्टमीला काल्याच्या दहीहंडीने होते. काला म्हणजे दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून केलेला प्रसाद होय. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून कृष्णाने त्या सर्वांबरोबर खाल्ल्या, या कथेचा त्याला आधार आहे. मराठवाड्यात गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताहही काल्याच्या कीर्तनानेच संपतो. या परंपरेत हंडी फुटते ती प्रसाद वाटण्यासाठी. ती किती उंचावर बांधली आहे याला तेथे काहीही महत्त्व नाही, आणि आजच्या दहीहंडीतील मृत्यूंचा विचार करताना ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

उंचीला महत्त्व आले ते मुंबईत. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणातील आणि घाटावरील तरुणांनी श्रावण वद्य नवमीचा गोपाळकाला चाळींच्या गल्ल्यांत आणला, वाडीवाडीची गोविंदा पथके उभी राहिली, आणि १९६३ च्या ‘ब्लफ मास्टर’ या हिंदी चित्रपटाने हे दृश्य देशभर पोहोचविले. मात्र खेळाचे स्वरूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९९० नंतरच्या काळात, जेव्हा मुंबई-ठाण्यातील राजकीय नेत्यांनी मोठमोठी बक्षिसे जाहीर केली आणि ती थरांच्या संख्येशी जोडली. थर म्हणजे खांद्यांवर उभ्या राहिलेल्या माणसांची एकेक पातळी. हंडी न फोडता ठरावीक थर रचून सुखरूप उतरणे याला सलामी म्हणतात, आणि बक्षीस सलामीलाही मिळू लागल्यामुळे हंडी हे निमित्तच उरले.

या रचनेत खालच्या माणसांवरील भार प्रत्येक थरागणिक वाढत जातो, म्हणून सर्वांत वर जाणारा एक्का शक्य तितका हलका असावा लागतो, आणि हलका याचा व्यवहारातील अर्थ बहुधा लहान मूल असाच होत आला. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला. तो कौशल्याचा आणि महिनोन्‌महिन्यांच्या सरावाचा विजय होता यात शंका नाही. परंतु तितक्या उंचीवरून मध्ये कोणताही आधार न मिळता खाली आलेले शरीर ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते, आणि विक्रमाच्या मागे लागलेल्या प्रत्येक पथकाकडे तसा सराव नसतो. मान, मणका आणि डोके यांना होणाऱ्या इजांमुळे तरुण मुले दगावत राहिली, काही कायमची अंथरुणाला खिळली.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये उंचीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. राज्य शासनाने २०१५ मध्ये दहीहंडीला साहसी खेळ ठरविले, तर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची बंधने कायम ठेवली. पुढच्याच वर्षी मात्र उंचीचा निर्णय शासनावर सोपविण्यात आला, १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही एवढी हमी शासनाने दिली, आणि त्यामुळे १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी न्यायालयाने आखलेली उंचीची सीमा उरली नाही. २०२२ मध्ये साहसी खेळाच्या दर्जाची पुन्हा घोषणा झाली, तेव्हा गोविंदाच्या मृत्यूसाठी १० लाख रुपये आणि गंभीर अपंगत्वासाठी साडेसात लाख रुपये, असे साहाय्यही जाहीर झाले. जखमींच्या कुटुंबांना आधार मिळणे आवश्यकच होते, तरीही मृत्यू गृहीत धरून त्याची रक्कम ठरविणे आणि मृत्यू टाळणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि त्यांतले दुसरे अधिक निकडीचे होते.

मृत्यू टाळणे शक्य आहे हे स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात दिसते. तेथील मानवी मनोऱ्यांच्या परंपरेला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाचा दर्जा दिला. तत्पूर्वी, २००६ मध्ये मनोऱ्यावरून पडून एका मुलीचा मृत्यू झाल्यावर, वरच्या थरांतील मुलांसाठी खास शिरस्त्राण तयार करण्यात आले आणि ते रूढ झाले. तेथे तळाशी शेकडो माणसे एकमेकांना घट्ट बिलगून उभी राहतात, आणि कोसळणारा मनोरा त्यांच्याच अंगावर झेलला जातो.