उपास, उपवास, उपासमार : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका संकल्पनेचा प्रवास

मराठीत ‘उपवास’, ‘उपास’ आणि ‘उपासमार’ हे तीन शब्द एकाच कुळातले आहेत. पहिल्या दोन शब्दांत श्रद्धा आहे, संकल्प आहे. तिसऱ्यात यांपैकी काहीच नाही, केवळ मार आहे. ‘एकादशीच्या घरी शिवरात्र’ ही म्हण तर दारिद्र्याचे वर्णन करण्यासाठी व्रतांचेच पंचांग वापरते. स्वेच्छेची भूक आणि लादलेली भूक यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हे भाषेने पूर्वीच ओळखले होते. ख्रिस्ती उपवासाची कल्पना मराठीत आली तेव्हा तिला शब्द मिळाला तो याच कुळातला. त्यामुळे एका बाजूला व्रत आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ असे दोन शेजारीही तिच्या वाट्याला आले. मराठी ख्रिस्ती उपवासाची चर्चा बहुधा पहिल्या शेजाऱ्याच्या संदर्भात होते. त्याचा खरा अर्थ मात्र दुसऱ्याच्या संदर्भातच उलगडतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

‘उपवास’ याचा धात्वर्थ ‘जवळ राहणे’ असा आहे. शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच यज्ञाच्या पूर्वदिनी न जेवण्याची मीमांसा येते. देव यजमानाच्या घरी वस्तीला येतात; घरी आलेली माणसे जेवण्याआधी जेवणे जिथे अनुचित, तिथे देवांच्या आधी जेवणे किती अनुचित, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे या विवेचनात उपवास हा देहदंड नाही. तो यजमानधर्म आहे. पुण्यसंचयाचा हिशेब त्याला पुढे चिकटला.

ख्रिस्ती परंपरेतही असाच ताण दिसतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नावा अध्याय उपवासाची कठोर चिकित्सा करतो : मान लववून गोणपाटावर बसणे हा उपवास नव्हे, जुलमाचे जू मोडणे आणि भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणे हा उपवास. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला. पण डोंगरावरील प्रवचनात तो उपवासाचे प्रदर्शन निषिद्ध ठरवतो. तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, लोकांना कळूही नये, अशी त्याची अपेक्षा आहे. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा ग्रंथ त्यापुढे जाऊन व्यवहार सांगतो : उपवासाच्या दिवशी वाचलेल्या अन्नाची किंमत मोजावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. तात्पर्य, ख्रिस्ती उपवासाला प्रार्थना, संयम आणि दान असे तीन पाय आहेत. त्यांतील तिसरा काढला की उरतो तो फक्त आहारनियम.

मराठी प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, ही कल्पना प्रथम रुजली ती मात्र सत्तेच्या छायेत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती श्रोत्याला ओवीचा आणि पुराणश्रवणाचा संस्कार सोडावा लागू नये, ही त्यामागील वाङ्मयीन उदारता होती. धर्मसत्तेचा कल पुढे याच्या नेमका उलटा राहिला. १६८४ मध्ये देशी भाषेविरुद्ध फर्मान निघाले. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात नवख्रिस्त्यांना एकादशीला आणि ग्रहणकाळी उपवास करण्याची मनाई झाली. चर्चने सांगितलेले उपवास अर्थातच चालू राहिले. पोट तेच होते, पंचांग बदलले. कोण कोणत्या दिवशी उपाशी राहतो हा निष्ठा तपासण्याचा निकष झाला आणि यशयाचा प्रश्न, उपाशी राहून वाचलेली भाकरी कोणाच्या पानात गेली, बाजूला पडला.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची अडचण वेगळी होती. १५२२ च्या उपवासकाळात झुरिकमधील एका छापखान्यात काही जणांनी सॉसेज खाल्ले आणि झ्विंग्लीने त्यांची बाजू घेतली. सुधारणावादाच्या त्या धारेशी नाते सांगणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनला चाळीस दिवसांच्या सक्तीच्या उपवासाचे पंचांग नव्हतेच. शिवाय व्रतवैकल्यांवर टीका करायची आणि त्याच वेळी उपवासाची महती गायची, हे मराठी श्रोत्यापुढे अवघड होते. ख्रिस्ती उपवास पुण्य मिळवण्यासाठी नाही, हे ठासून सांगितले गेले. तो नेमका कशासाठी, हे मात्र तितक्या ठामपणे सांगितले गेले नाही.

या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या जीवनात सापडते. १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथात त्यांनी विधवेवर लादलेल्या एकभुक्ततेचे वर्णन केले. व्रत आणि छळ एकाच ताटात कसे येतात, याचा तो पुरावा आहे. १९०७ च्या साक्षकथनात त्या स्वतःच्या कुटुंबाची कथा सांगतात : तीर्थयात्रा, जप, उपवास आणि दानधर्म करीत असलेले हे कुटुंब १८७४ च्या सुमारास अन्नाला मोताद झाले आणि वडील, आई व बहीण थोड्याच काळाच्या अंतराने गेली. उपवास आणि उपासमार या दोन्ही शब्दांचा अर्थ रमाबाईंनी असा एकाच घरात अनुभवला होता. म्हणूनच १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून व गुजरातेतून त्यांनी आणलेल्या मुली, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्यासाठी पेटलेली चूल, हे उपवासाचे भाष्य म्हणून वाचावे लागते.

१८९९-१९०० च्या त्याच दुष्काळाने खानदेशही होरपळला. विसाव्या शतकात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारकडील आदिवासींमध्ये काम केले. पीक हाती येण्याआधीच्या पावसाळी महिन्यांत ज्यांच्या कणग्या रिकाम्या होतात, त्यांना उपवासाचे प्रवचन काय सांगणार? ज्याच्या पानात काही नाही त्याला पान दूर सारण्याचा उपदेश करणे ही क्रूरता ठरते. उपवासाची हाक आधी त्याला, ज्याच्या घरी धान्य आहे.

खानदेशाच्या सार्वजनिक स्मृतीत या अर्थाजवळ जाणारे एक उदाहरण ख्रिस्ती परंपरेबाहेरचे आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. जू मोडणारा उपवास हाच खरा, हे यशयाचे म्हणणे त्यात प्रत्यक्ष दिसते. तथापि भेदही नोंदवला पाहिजे. उपोषण समाजाच्या डोळ्यांसमोर असते, तसे असल्यावाचून त्याचे कार्य होत नाही. डोंगरावरील प्रवचनातला उपवास गुप्त असतो. एक दुसऱ्याच्या विवेकाला आवाहन करतो, दुसरा स्वतःच्या हावेची झडती घेतो. मात्र झडतीवाचूनचे आवाहन दडपण होते आणि न्यायावाचूनची झडती आत्मरंजन, हे दोन्ही परंपरांनी परस्परांकडून शिकण्यासारखे आहे.

आज कॅथलिक चर्चचा नियम सौम्य आहे. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ च्या आदेशानंतर सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवसांचे उरले, तेही एक पूर्ण जेवण घेऊन. नियम सौम्य झाला म्हणून उपवास ढासळला, असे म्हणणे बरोबर नाही. साबुदाण्याच्या खिचडीने एकादशी जशी ‘दुप्पट खाशी’ होते, तसा मांस वर्ज्य करून महागडी मासळी खाल्ल्याने शुक्रवारही होतो. ऱ्हासाचे कारण पदार्थात नाही. पाहुणा जेवल्यावाचून यजमानाने जेवू नये, या जुन्या तत्त्वाची विस्मृती झाली, हे ते कारण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दृश्यात भुकेलेला माणूस हाच प्रभू असतो, म्हणजे दाराशी आलेला पाहुणा तोच. त्याच्या जवळ राहणे हा ‘उपवास’ या शब्दाचा मूळ अर्थ आहे, आणि ख्रिस्ती अर्थही यापेक्षा वेगळा नाही.