फर्माईश, तक्रार आणि आपण



आजकाल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, की लोकांना आता काहीच पसंत पडत नाही. मालिका लागली की सून एवढी भोळी कशी, गाणं लागलं की चाल चोरलेली आहे, सिनेमा आला की शेवट चुकला. मुलं तर गाणं दहा सेकंद ऐकतात आणि बोटाने पुढे सरकवतात. जुन्या बायका म्हणतात, आमच्या वेळी जे लागेल ते गुपचूप ऐकायचो. हे कितपत खरं आहे? लोक पूर्वी गुपचूप ऐकत होते का, आणि आता इतके चिकित्सक का झाले? आज आम्ही तुमच्याशी यावरच बोलणार आहोत.

सुरुवात नाटकापासून करू. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडत आणि नटाला तेच पद पुन्हा म्हणावं लागे. असे वन्स मोअर घेत घेत पहाट व्हायची. तमाशाच्या फडातही फर्माईश होतीच. पैसे पुढे करायचे आणि हवी ती लावणी म्हणवून घ्यायची. म्हणजे मागणारा प्रेक्षक काही आजचा नाही.

पण तेव्हा मागत कोण होतं? ज्याच्या खिशात पैसे होते आणि ज्याला रात्रभर घराबाहेर बसायची मुभा होती, तो. नाटकाला शहरातल्या काही बायका जात, त्यांची बसायची जागा वेगळी असे. तमाशात बाई नाचायला होती, पण समोर बसून फर्माईश करणारी बाई नव्हती. खेड्यातल्या आपल्या पणज्यांना काय आवडतं, हे कोणी विचारलंच नाही. त्या गुपचूप होत्या याचं कारण त्यांचं समाधान झालं होतं असं नाही. त्यांना बोलायला जागाच नव्हती.

ती जागा थोडी उघडली रेडिओने. रेडिओ घरात आला आणि स्वयंपाक करता करता ऐकता येऊ लागला. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. सिनेमाची गाणी हलकी, लोकांना चांगलं संगीत ऐकवलं पाहिजे, असं त्यांचं मत. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी फार कमी झाली. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, भाषण केलं नाही. रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन लावलं, म्हणजे आजची श्रीलंका. तिथून १९५२ पासूनच अमीन सायानींचा 'बिनाका गीतमाला' लागत होता. कोणतं गाणं कितव्या पायरीवर, हे ऐकायला घराघरात आणि पानाच्या दुकानांपुढे गर्दी होई. शेवटी सरकारला वाट बदलावी लागली. १९५७ साली आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि सिनेमाची गाणी परत आली. ऐकणाऱ्यांनी न बोलता, नुसती खुंटी फिरवून दिल्लीला ऐकायला लावलं, ही लहान गोष्ट नाही.

मग पत्रांचा काळ आला. झुमरी तलैया हे आजच्या झारखंडातलं अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथून फर्माईशीची इतकी पत्रं जात, की गावाचं नाव देशभर झालं. आपल्याकडेही 'आपली आवड'मध्ये गाण्याआधी नावं वाचली जात आणि आपल्या गावाचं नाव आलं की सगळी आळी खूश होई. या पत्रांत एक गोष्ट होती, ती लक्षात ठेवा. प्रत्येक मागणीखाली मागणाऱ्याचं नाव आणि गाव असे.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम. तो सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा करायची, शंका लिहून पुण्याला पाठवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. ऐकणारा नुसता ऐकत नाही, तो विचारतो, हे इथे पहिल्यांदा इतक्या पद्धतशीरपणे करून पाहिलं गेलं. पुढे हीच रीत देशात इतर ठिकाणी नेली गेली. त्या मंडळांत मुख्यतः पुरुषच होते, हेही सांगायला हवं.

नंतर टीव्ही आला. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचं 'रामायण' लागू लागलं. एकच दूरदर्शन, त्यामुळे अख्खं गाव एका टीव्हीसमोर. वाटेल की हा तरी मुकाट बघणारा प्रेक्षक. पण १९८८ मध्ये मालिका संपत आली तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. ज्या वाल्मीकींना ते गुरू मानतात, त्यांच्या आश्रमातला लव-कुशांचा भाग मालिकेत येणारच नव्हता. संप दुसऱ्या शहरांतही पसरला, कचऱ्याचे ढीग साचले आणि शेवटी सरकारने पुढचे भाग मान्य केले. कोणी म्हणेल, एका मालिकेसाठी एवढा हट्ट कशाला? पण त्यांचं म्हणणं असं होतं, की गोष्ट सांगताय तर आमचा माणूस त्यातून गाळू नका. आपण आज मालिकेवर चिडतो, तेव्हा पुष्कळदा आपलं म्हणणंही हेच असतं.

१९९२ नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि हातात रिमोट आला. आता कोण काय बघतंय हे मोजायला काही घरांत यंत्रं बसवली गेली. त्या आकड्यांवर जाहिराती मिळतात आणि मालिका चालते किंवा बंद पडते. पण ही यंत्रं कित्येक वर्षं शहरांतल्याच घरांत होती. खेड्यातली घरं 'बार्क' या संस्थेच्या मोजणीत आली ती २०१५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे त्याआधी आपण रोज रात्री टीव्ही बघत होतो, पण हिशोबात नव्हतो. मालिकेतल्या बायका घरात भरजरी साड्या नेसून का बसतात, कोणी खुरपायला का जात नाही, कोणाच्या घरी पाण्याचा टँकर का येत नाही, याचं थोडं उत्तर इथे आहे. ज्यांची मोजणी होत होती, त्यांच्यासाठी गोष्टी लिहिल्या जात होत्या.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि फोन घराघरात आला. आता निवड इतकी आहे की थांबायची गरज उरली नाही. पत्राला तिकीट लागे, वेळ लागे, लिहिताना विचार होई. फोनवर मत द्यायला क्षण लागतो आणि नाव सांगावं लागत नाही. मागणी तीच जुनी आहे. नाव आणि गाव तेवढं गळून पडलं.

याचा फटका कोणाला बसतो, ते आम्ही जवळून पाहिलं. आमच्या भागातल्या एका ताई सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याबद्दल रेडिओवर बोलल्या. माहिती अगदी चोख. त्यांचं बोलणं कोणीतरी फोनवर फिरवलं आणि खाली शेरे आले, ते सगळे त्यांच्या बोलीवर आणि आवाजावर. गावंढळ बोलते, हिला कोणी बसवलं? सातबाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. काही शेरे बायकांचेच होते. ताई त्यानंतर रेडिओवर आल्या नाहीत. टीका झाली, पण त्यातून कोणाला काय मिळालं? एक जाणती बाई गप्प झाली, एवढंच.

मैत्रिणींनो, हा रेडिओ आपल्याला सहज मिळालेला नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आवाज वाहून नेणाऱ्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. २००६ साली सामाजिक संस्थांना रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ साली तेलंगणात माचनूर गावी दलित बायकांनी 'संगम रेडिओ' सुरू केला आणि त्याच वर्षी साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. इथे बोलणारी आणि ऐकणारी एकाच रानातली असते. मालिकेवाल्याला शिवी दिली तर त्याला कळतही नाही. इथे दिली तर ती शेजारणीला लागते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की चिकित्सा जरूर करा. ती बंद झाली तर आपण पुन्हा पणजीच्या जागी जाऊन बसू. पण ती श्रोतामंडळासारखी करा. पुढच्या महिन्यात गटाने कार्यक्रम एकत्र ऐका आणि दहा मिनिटं बोला. माहिती बरोबर होती का? आपल्या कामाची होती का? काय राहून गेलं? पुढे काय हवं? प्रोसिडिंगच्या वहीत ते लिहा आणि खाली गटाचं आणि गावाचं नाव घालून आमच्याकडे पाठवा. कडक लिहिलंत तरी चालेल. तुमचा कागद आम्ही नावासकट वाचून दाखवू आणि त्याचं उत्तरही इथूनच देऊ.

आणि त्या ताईंना ओळखणाऱ्या कोणी ऐकत असतील, तर त्यांना एवढा निरोप द्या, की सातबाऱ्याचा दुसरा भाग अजून बाकी आहे आणि बायका विचारत आहेत.