एट्रियल फिब्रिलेशन: नाडी अनियमित का होते?

विश्रांतीच्या वेळी निरोगी हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा, ठरावीक लयीत पडते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विस्कळीत विद्युत संदेश फिरू लागतात. हे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यातले काहीच संदेश वेड्यावाकड्या अंतराने खाली पोहोचतात, म्हणून नाडी अनियमित आणि बहुधा जलद लागते.

कारणे

• वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा
• हृदयाची झडप खराब असणे. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आजही दिसतात
• हार्ट अटॅक किंवा हृदयाचे स्नायू कमजोर होणे
• थायरॉईडचे जास्त प्रमाण
• मद्यपान, झोपेत घोरताना श्वास अडकणे

काही रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही.

लक्षणे

छातीत धडधड, दम लागणे, थकवा, चक्कर. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

खरा धोका

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

तपासणी आणि उपचार

निदान ईसीजीवर होते. लय येऊन-जाऊन बिघडत असल्यास २४ तासांचा होल्टर लावतात. सोबत इको आणि थायरॉईडची तपासणी करतात. उपचारात ठोक्यांची गती किंवा लय सुधारणारी औषधे, आणि गरजेनुसार रक्त पातळ करणारी गोळी असते. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.

बरे वाटले म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तिची कल्पना द्या. वॉरफेरिन किंवा एसिट्रोम चालू असल्यास आयएनआर वेळेवर तपासा आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू-घटवू नका.

ताबडतोब रुग्णालय गाठा

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे: यांपैकी काहीही झाल्यास १०८ वर फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ आणि चालू गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगा.