साखळीच्या फ्लशची कुळकथा

गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत सामायिक संडासात डोक्यावर बिडाची टाकी असायची. तिची साखळी बहुधा तुटलेली आणि साखळीच्या जागी कुणीतरी बांधलेली सुतळी. ती ओढली की वर घणघणाट व्हायचा आणि दहा-साडेबारा लिटर पाणी धबाधबा कोसळायचं. आजच्या हिशेबाने ही निव्वळ उधळपट्टी. पण या टाकीचा जन्मच मुळी पाणी वाचवण्यासाठी झाला होता.

एकोणिसाव्या शतकात लंडनला पाणी पुरवायच्या त्या खासगी कंपन्या. संडासात पाणी सोडायला साधी झडप असे. ती नीट बसली नाही की पाणी रात्रंदिवस वाहत राही. पाणीपट्टी घराच्या किमतीवर ठरायची, मीटर नव्हताच, त्यामुळे घरमालकाला त्याचं सोयरसुतक नसे. कंपन्यांच्या मात्र पोटात दुखे. १८७१च्या कायद्याखाली मग नियम झाले: एका वेळी दोन गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण नऊ लिटरपेक्षा, जास्त पाणी सुटता कामा नये. पर्यावरणाचं नावही तेव्हा कुणी घेत नव्हतं. हा सगळा व्यापाऱ्याचा चिकटपणा, पण त्यातून निघालेली युक्ती अस्सल.

युक्ती अशी, की झडपच ठेवायची नाही. टाकीच्या मधोमध एक उभी नळी, तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. त्यावर घंटेसारखा जड बिडाचा टोप. साखळी ओढली की टोप उचलला जातो; सोडली की तो धपकन खाली बसतो आणि आतलं पाणी नळीच्या तोंडात ढकलतो. एकदा धार लागली की टोप आणि नळीचा हा सायफन उरलेलं पाणी आपणच ओढून नेतो. पातळी टोपाच्या काठाखाली गेली, हवा आत शिरली, की धार तुटते. एरवी पाण्याला खाली जायला वाटच नाही, मग गळणार कुठून? बॉलकॉक बिघडून टाकी भरून वाहिलीच, तर जादा पाणी वेगळ्या नळीने भिंतीबाहेर पडे. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर थेंब पडू लागले की दुरुस्ती आपोआप लवकर होई.

या टाकीचं श्रेय थॉमस क्रॅपरला देण्याची प्रथा आहे. १९६९मध्ये वॉलेस रेबर्नने त्याच्यावर एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं, तिथून ती पसरली. बिनझडपेच्या टाकीचं १८९८चं गाजलेलं पेटंट मात्र अल्बर्ट गिब्लिनच्या नावावर आहे. क्रॅपर हा मालाची जाहिरात उत्तम करणारा दुकानदार.

साखळीच्या जागी आजची दोन बटणं आली ऑस्ट्रेलियातून. १९८०च्या सुमारास कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसनने पूर्ण फ्लशला ११ आणि अर्ध्याला साडेपाच लिटर अशी टाकी केली; पुढे भांड्याचा आकारही बदलून हे आकडे सहा आणि तीनवर आले. मोठीच बचत. पण या टाकीबरोबर तळाची रबरी झडपही परतली. ब्रिटनने तिला २००१पासून परवानगी दिली. तिथल्या वॉटरवाइज संस्थेच्या अंदाजानुसार आता त्या देशात संडासांतून रोज सुमारे ४० कोटी लिटर पाणी गळतं. जादा पाणीही आता आतल्या आत भांड्यात उतरतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्याकडे बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार त्या रबरावर पांढरा खरखरीत थर धरतात आणि वायसर नीट बसेनासा होतो. ओळखायला सोपं आहे: टाकीच्या पाण्यात खायचा रंग टाकायचा आणि अर्धा तास बटणाला हात लावायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे.

इथे प्लंबर कोण आहे यावर सगळं ठरतं. एक जण टाकीत डोकावून थेट नवा ‘सायफन’ आणायला सांगतो (दुकानात अजून हेच नाव चालतं, आत सायफन नसला तरी). दुसरा आधी कॉक बंद करतो, झडप फिरवून बाहेर काढतो, वायसर उलटापालटा करून बघतो, बैठकीवरचा थर व्हिनेगरने साफ करतो आणि नुसता वायसर बदलून होतंय का ते पाहतो. बरेचदा होतं. वेळ जास्त जातो आणि मजुरी कमी मिळते, म्हणून पहिल्या प्रकारचे प्लंबर जास्त भेटतात. दुसरा सापडला तर त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नये, आणि जुना वायसर त्याला दुकानात माप दाखवायला न्यायचा असतो, तो कचऱ्यात टाकू नये.