आकडा एक, मालक दोन

२०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. पण गाड्यांच्या नंबरप्लेटवरचे एमएच १६ बदलले नाही आणि २०११च्या जनगणनेत मिळालेला ५२२ हा क्रमांकही आपल्या जागी राहिला. नाव माणसांसाठी असते, दफ्तर क्रमांकावर चालते. संगणकातही फायलीचा मालक आकड्यानेच नोंदवला जातो. विंडोज आणि युनिक्स एकाच फायली वापरू लागले तेव्हा तिढा पडला तो इथे, कारण आकडे देणारी दफ्तरे दोन होती. म्हणून या दोन्हीकडच्या खात्यांची सांगड यंत्रावर सोडून देऊ नये, कोणीतरी जबाबदारीने ती लिहून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

१९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये आकाराला आलेल्या युनिक्सने प्रत्येक युजरला एक छोटा आकडा दिला. शून्य म्हणजे रूट, सर्वाधिकारी. हा आकडा त्या मशीनपुरताच खरा. शेजारच्या मशीनवर तोच दुसऱ्या कोणाचा असू शकतो, आणि बंद केलेल्या खात्याचा आकडा नव्या माणसाला दिला तर जुन्याच्या फायलीही त्याच्या होऊन बसतात. १९९३च्या विंडोज एनटीने ओळखक्रमांकातच तो देणाऱ्या डोमेनची खूण घातली आणि शेवटी खात्याचा अनुक्रमांक जोडला. मूळ प्रशासकाच्या क्रमांकाचा शेवट नेहमी ५००. डोमेनमध्ये एकदा दिलेला अनुक्रमांक पुन्हा कोणाला मिळत नाही. एवढी लांब ओळख युनिक्सच्या छोट्या आकड्यात मावणार कशी?

कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास, नेटवर्कवरून जाणारी पाकिटे न्याहाळून, पुढे सांबा म्हणून ओळखला गेलेला सर्व्हर लिहिला. विंडोजवरून आलेल्या माणसाला तो त्याच नावाच्या युनिक्स युजरचा आकडा देतो. नावे जुळत नसतील तर एक साधी मजकूर-फाइल असते: डावीकडे युनिक्सचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे विंडोजचे. ‘रूट = अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ एवढी एक ओळ लिहिली, की त्या नावाने आलेल्याच्या हाती सगळा सर्व्हर जातो. २००१च्या सुमारास आलेल्या, सांबाच्याच विनबाइंड या भागाने येईल त्याला पुढचा आकडा आपोआप द्यायला सुरुवात केली. सोय झाली, पण दोन सर्व्हरवर एकाच माणसाला दोन आकडे मिळू लागले, आणि आकड्यांसकट फाइल इकडून तिकडे नेली की तिचा मालकच बदलू लागला. डोमेनमधल्या अनुक्रमांकावरून आकडा काढण्याची पद्धत आली ती यावरचा उपाय म्हणून.

दोन्हीकडे नावे सारखी ठेवली की काम भागते, असे कोणी म्हणेल. पण एका नावाची दोन माणसे असली, की एकाची कागदपत्रे दुसऱ्यापुढे उघडी पडतात. सर्वांसाठी एकच निर्देशिका ठेवा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. युनिक्सचा आकडा निर्देशिकेतच नोंदवण्याची रीत १९९८पासून लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, आणि नव्या कार्यालयाने तीच धरावी. तरीही जुन्या डिस्कवरच्या फायली जुनेच आकडे सांगत राहतात; दोन संस्था एकत्र आल्या की दफ्तरेही पुन्हा दोन होतात. म्हणून फायलींचा बॅकअप घेताना या सांगडीच्या नोंदीचाही घेतलाच पाहिजे. ती हरवली तर फायली शाबूत राहतील, पण कोणती कोणाची हे सांगायला आधार उरणार नाही.