पिवळी, पांढरी, लाल : चित्र आणि आवाज यांच्या जोडणीची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात वसईच्या पश्चिमेकडील एका गावातल्या शिक्षिका आमच्याकडे एक जुनी व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या. घरातल्या एका लग्नाचे ते चित्रण होते. त्यात त्यांची आजी लाल चौकड्यांचे लुगडे नेसून लग्नाची गाणी म्हणते. गाणी आहेत कादोडीत, म्हणजे वसईच्या सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती कुटुंबांतून बोलल्या जाणाऱ्या बोलीत. आजी आता नाही. तिला येत होती त्यांतली काही गाणी दुसऱ्या कोणाला पूर्ण येत नाहीत. बाईंना ती वर्गातल्या मुलांना ऐकवायची होती.

कॅसेट चालवणारे यंत्र एका नातेवाइकाच्या माळ्यावर सापडले. अडचण पुढेच होती. यंत्राच्या पाठीमागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन गोल छिद्रे, आणि आमच्या नव्या टीव्हीला त्यांतले एकही नाही! सुदैवाने आमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर होता. त्याला दोन्ही पिढ्यांची भाषा येते. तो जोडताना दोन चुका झाल्या. त्या समजून घ्यायला आम्हांला थेट १९३१ सालापर्यंत मागे जावे लागले.

रेल्वेच्या कडेचा बोलपट

भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ ग्रँट रोडजवळ, रेल्वेच्या अगदी कडेला होता. आज विरार लोकल जिथून धावते तोच हा मार्ग. विरारहून मुंबईच्या बॅकबेला १८६७ पासूनच गाडी जात होती. मूकपटाला गाडीच्या आवाजाचे काय होय? पण बोलपटाचा मायक्रोफोन नटाचा आवाज आणि रुळांचा खडखडाट यांत भेद करत नव्हता. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे.

तेव्हाच्या पद्धतीत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी टिपले जात. पण इथे एक पेच आहे. चित्र दिसायला फिल्म क्षणभर थांबावी लागते. सेकंदाला २४ वेळा ती थांबते आणि पुढे सरकते. आवाज वाचताना मात्र तीच फिल्म एकसारख्या वेगाने सरकली पाहिजे, नाहीतर आवाज थरथरेल. एकच फिल्म एकाच जागी थांबेलही आणि सरकेलही, हे कसे शक्य आहे? उपाय असा, की चित्र एका जागी दाखवायचे आणि आवाज थोडा पुढे गेल्यावर, फिल्मची गती संथ झाल्यावर वाचायचा. म्हणून ओठ ज्या चौकटीत हलतात त्या चौकटीचा आवाज तिच्याशेजारी नसतो. तो सुमारे २० चौकटी आधी छापलेला असतो. फिल्म यंत्रात ओवताना मधला फास लहानमोठा झाला, की ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. चित्र आणि आवाज यांची गाठ मारण्याची ही कला आपल्याकडे रुजली.

मध्ये एक पेटी

घरात मात्र आवाज आधी आला आणि चित्र फार उशिरा. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. प्रक्षेपण घेणारे यंत्र म्हणून रेडिओला रिसीव्हर म्हणत. त्यात अगदी क्षीण विद्युतसंकेत मोठा करणारा वर्धक असतो आणि शेवटी ध्वनिक्षेपक. मग ग्रामोफोनच्या सुईचा संकेत मोठा करायला वेगळा वर्धक कशाला घ्यायचा? पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोनसाठी जोडणीची जागा दिलेली असे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने रेडिओ आणि ग्रामोफोन जोडण्यासाठी १९३० च्या दशकात जी पिन वापरात आणली, तीच आपली लाल-पांढरी पिन. एवढी वर्षे झाली, तिचा आकार तसाच आहे.

इथेच आजच्या रिसीव्हरचे मूळ सापडते. आवाज कुठूनही येवो, तो मधल्या एका पेटीत आणायचा आणि तिथून पुढे पाठवायचा. फायदा गणिताने कळतो. समजा, चार यंत्रांकडून संकेत येतात आणि ते टीव्ही व ध्वनिक्षेपक अशा दोन ठिकाणी न्यायचे आहेत. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडले तर ४ × २ = ८ जोडण्या लागतील. मध्ये पेटी ठेवली तर ४ + २ = ६ पुरतात. येणारी यंत्रे सहा आणि जाण्याची ठिकाणे तीन झाली, तर हेच आकडे १८ आणि ९ होतात. संख्या वाढेल तसा गुणाकार आणि बेरीज यांतला फरक वाढत जातो. १८८२ साली मुंबईत टेलिफोनची अदलाबदल केंद्रे सुरू झाली तीही याच तत्त्वावर. दहा ग्राहकांना एकमेकांशी थेट जोडायचे तर ४५ तारा लागतात. मध्ये केंद्र असेल तर दहाच. जाड हेडफोनची पाव इंची पिन आली तीही टेलिफोन केंद्रातूनच.

आवाजाला जागा मिळते

‘आलम आरा’ आला त्याच १९३१ साली इंग्लंडमध्ये अॅलन ब्लूमलाइन या अभियंत्याने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. नट पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे चालत जातो, पण त्याचा आवाज जागचा हलत नाही, हे त्याला खटकले होते. दोन कानांना आवाज किंचित वेगवेगळा पोचतो, त्यावरूनच आपल्याला दिशा कळते. मग दोन स्वतंत्र मार्गांनी आवाज टिपला आणि ऐकवला तर?

आपल्याकडे या अनुभवाची चटक पुष्कळांना लावली ती १९७५ च्या ‘शोले’ने. ७० मिलिमीटर फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्ट्या असत आणि त्यांवर अनेक स्वतंत्र ध्वनिमार्ग. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला.

पण अशी फिल्म महाग. साध्या फिल्मवर दोनच मार्गांची जागा असताना चार मार्गांचा आवाज कसा बसवायचा? १९७० च्या दशकात डॉल्बी कंपनीने वापरलेली युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. डावा आणि उजवा हे दोन मार्ग तर आहेतच. मधल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज दोन्ही मार्गांत सारखाच मिसळायचा. मागच्या ध्वनिक्षेपकांचा आवाजही दोन्हींत मिसळायचा, पण एकमेकांच्या उलट करून. एका मार्गात तरंगाचा उंचवटा तर दुसऱ्यात त्याच क्षणी खळगा. ऐकवताना दोन्हींची बेरीज केली की उलटा भाग नाहीसा होतो आणि ‘मधला’ उरतो. वजाबाकी केली की सारखा भाग नाहीसा होतो आणि ‘मागचा’ उरतो. बेरीज आणि वजाबाकी, बस्स! हे उलगडणारे मंडल १९८० च्या दशकात घरगुती वर्धकांत आले. १९९२ पासून चित्रपटगृहांत आणि मग डीव्हीडीवरून घरात प्रत्येक मार्गाचे स्वतंत्र आकडेच येऊ लागले. त्यालाच आपण ५.१ म्हणतो : पाच पूर्ण मार्ग आणि फक्त खर्जासाठी एक अपुरा.

टीव्हीच्या पाठीमागे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा वसईपासून सुमारे ४० किलोमीटर. वसईच्या कौलांवरचे अँटेना त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून उभे असत. त्या काळच्या टीव्हीला अँटेनाखेरीज दुसरी वाट नव्हती. म्हणून व्हिडिओ यंत्र आपले चित्र एखाद्या रिकाम्या वाहिनीच्या कंप्रतेवर स्वार करून अँटेनाच्या छिद्रातून पाठवी. म्हणजे घरातल्या घरात एक इवलेसे दूरदर्शन केंद्रच. नंतर पिवळी तार आली. तिच्यातून चित्र थेट जाते, पण उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात. बारीक चौकड्यांच्या कापडावर नसलेले रंग नाचताना दिसतात ते यामुळेच. उजेडातला बारीक तपशील टीव्हीला रंग वाटतो.

पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तारांचा स्वभाव एकमार्गी. यंत्र बोलते आणि टीव्ही ऐकतो. २००२ साली सात कंपन्यांनी मिळून ठरवलेली एचडीएमआय तार निराळी आहे. तिच्या १९ पिनांतून चित्र आणि आवाज अंकांच्या रूपात जातात. शिवाय संवादही होतो. यंत्र आधी टीव्हीला विचारते, ‘तुला कोणत्या मापाचे चित्र दाखवता येते?’ मग ‘नक्कल करणार नाहीस ना?’ अशी गुप्त संकेतांची देवघेव होते. उत्तर पटले नाही तर पडदा काळाच राहतो, तार शाबूत असली तरी. २००९ पासून याच तारेतून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडेही येऊ शकतो.

आमच्या दोन चुका

आता आजीकडे वळू. यंत्राच्या तिन्ही तारा आम्ही रिसीव्हरमध्ये घातल्या आणि रिसीव्हरमधून एचडीएमआय तार टीव्हीला जोडली. चित्र आले, लुगड्यावर रंग नाचू लागले. पण आजीचा आवाज फक्त डाव्या कोपऱ्यातून येत होता. बाई म्हणाल्या, “सर, आजी मधे बसली आहे आणि गाते मात्र खिडकीतून!”

कारण सोपे होते. चित्रण एकमार्गी आवाजाचे होते आणि तो फक्त पांढऱ्या तारेतून येत होता. रिसीव्हरला वाटले, हा डावा आवाज. दहा-वीस रुपयांची दोन फाट्यांची पिन आणून तोच आवाज आम्ही दोन्ही छिद्रांत दिला. दोन्ही मार्गांत सारखे असेल ते मधले, हा नियम आपण वर पाहिलाच. आजीचा आवाज सरकून पडद्याखाली, तिच्या ओठांपाशी आला.

पण ओठ आणि शब्द अजून जुळत नव्हते; शब्द आधी ऐकू येत होता आणि ओठ नंतर हलत होते. जुन्या चित्राचे अंकांत रूपांतर करून ते मोठ्या पडद्यावर पसरायला वेळ लागतो. आवाजाला तेवढा लागत नाही. निसर्गात असे कधी घडत नाही. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर. मोठ्या चित्रपटगृहात ३० मीटर मागे बसलेल्यालाही आवाज सेकंदाच्या साधारण अकराव्या भागाइतका, म्हणजे सुमारे दोन चौकटी उशिरा पोचतो आणि तो तक्रार करत नाही. आपल्या मेंदूला उशिरा येणाऱ्या आवाजाची सवय आहे, आधी येणाऱ्याची नाही. प्रयोगांतही हेच दिसते : आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकू लागतो, उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. रिसीव्हरमध्ये आवाज मागे ओढण्याची सोय असते. थोडे थोडे वाढवत आम्ही ८० मिलिसेकंदांपर्यंत आलो आणि बाई म्हणाल्या, “आता आजीच.”

नव्वद वर्षांपूर्वी २० चौकटींचा फास जे काम करत होता, तेच काम आता ८० मिलिसेकंदांची एक नोंद करत होती.

वर्गासाठी

दोन ध्वनिक्षेपकांवर एकच गाणे लावा आणि ते शेजारी शेजारी ठेवा. वर्धक बंद करून एकाच्याच दोन तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. खर्ज एकदम ओसरेल. का, ते मुलांना बेरीज-वजाबाकीवरून शोधू द्या. मैदानावर १०० मीटर अंतरावरून कोणाला तरी टाळी वाजवायला सांगा. हात मिटलेले दिसल्यावर आवाज सुमारे ०.३ सेकंदाने येईल.

आणखी एक काम मात्र लवकर करायला हवे. ‘आलम आरा’ची एकही पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. ज्या आवाजासाठी रात्र रात्र जागून गाड्या थांबण्याची वाट पाहिली, तो आवाज गेला. घरोघरच्या कॅसेटींवरची चुंबकीय भुकटी दमट हवेत हळूहळू खराब होत आहे, आणि त्या चालवणारी यंत्रे त्याहून लवकर संपत आहेत. बाईंच्या कॅसेटची आम्ही अंकीय नक्कल करून घेतली आणि तीन ठिकाणी ठेवली. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आजी वर्गात गायली. तिसऱ्या गाण्याच्या एका ओळीचा अर्थ कोणालाच कळला नाही. मग एक मुलगी म्हणाली, “आमच्या मोठ्या आईला विचारून येते.”