एक सुंदरबन, दोन संकल्प

विकसनशील राष्ट्रांच्या हवामानविषयक संकल्पांची तुलना बहुधा आकड्यांवरून केली जाते. तथापि हे आकडे कशाच्या संदर्भात मांडलेले आहेत, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. कोलकात्याच्या दक्षिणेस पसरलेल्या सुंदरबनाच्या संदर्भात तो विशेष स्पष्ट होतो. १९४७ च्या फाळणीने या खारफुटीच्या अरण्याचे दोन भाग झाले. सुमारे दोन पंचमांश भारतात राहिला, उर्वरित आज बांगलादेशात आहे. मे २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळाने दोन्हीकडचे बांध फोडले. पॅरिस परिषदेपूर्वी, २०१५ मध्ये, दोन्ही देशांनी सादर केलेल्या संकल्पांचे व्याकरण मात्र परस्परभिन्न होते.

भारताने २००५ हे पायाभूत वर्ष धरून २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. यात एकूण उत्सर्जन वाढण्यास मुभा राहते. बांगलादेशाने भूतकाळाऐवजी एक काल्पनिक भविष्य प्रमाण मानले : काहीच न केल्यास २०३० मध्ये वीज, वाहतूक व उद्योग यांतून जेवढे उत्सर्जन होईल, त्यात स्वबळावर ५ टक्के आणि परकीय साहाय्य लाभल्यास एकूण १५ टक्के कपात. या दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडून कोणाचा संकल्प मोठा हे ठरविणे व्यर्थ होय.

या भेदामागे इतिहास आहे. राणीगंजची खाण १८३६ मध्ये द्वारकानाथ ठाकूर यांच्या कार-टागोर कंपनीने घेतली. तेथील कोळसा दामोदर नदीने कोलकात्यास येत असे. फाळणीनंतर हे कोळसाक्षेत्र भारतात राहिले. बांगलादेशाची वीज पुढे मुख्यतः नैसर्गिक वायूवर उभी राहिली. कोळशावर वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेने एकूण मर्यादेचे वचन टाळावे आणि अल्प उत्सर्जनाच्या देशाने साहाय्याची अट घालावी, हे साहजिकच होते. अर्थात भारताचेही ४० टक्के बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट तंत्रज्ञान हस्तांतरण व स्वस्त अर्थपुरवठा यांच्याशी जोडलेले होते.

भारतीय संहितेच्या आरंभी यजुर्वेदातील शांतिमंत्र आहे. साहित्याभ्यासकास तो आकर्षक वाटेल. पण संहितेचा खरा स्वर ऐतिहासिक उत्तरदायित्वाच्या मागणीत आहे, आणि तो कोलकात्यास अपरिचित नाही. मराठी कुळातील सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून वसाहतकालीन आर्थिक शोषणाचा हिशेब मांडला होता. १९१० मध्ये सरकारने त्या ग्रंथावर बंदी घातली.

मे २०२० मध्ये ‘अम्फान’ने सुंदरबनासह कोलकाता शहरास झोडपले. पुढे बांगलादेशाने २०२१ मध्ये आपले आकडे ६.७३ व एकूण २१.८५ टक्क्यांवर नेले, भारताने २०२२ मध्ये ४५ टक्क्यांवर. तुलनेची रीत मात्र दोघांचीही पूर्वीचीच राहिली.